अठराशेची डबी आणि पर्समधली ट्यूब

सांगलीत मेडिकल टाकून मला सतरा वर्षं झाली आणि कुठली क्रीम घेऊ असं विचारणारं गिऱ्हाईक रोज एक तरी असतंच, त्यामुळं त्या दुपारी ताई आल्या तेव्हा मी फार लक्ष पण दिलं नाही. मागच्या गल्लीत पोळीभाजी केंद्र चालवतात त्या. पोरीचा साखरपुडा दोन महिन्यांवर आलेला. म्हणाल्या, "दादा, फोटोत विहीणबाईंपेक्षा म्हातारी दिसायला नको बघा, ती कोलेजनवाली द्या." अठराशेची डबी. पैसे मोजूनच आणलेले, रबर लावून.

खरं सांगतो, त्या डबीवर मार्जिन चांगलं सुटतं आणि महिना मंदीचा चाललेला. पण ते रबर बघितलं आणि काय झालं कुणास ठाऊक, म्हणलं ताई, कोलेजनचा रेणू एवढा मोठा असतो की कातडीतून आत जातच नाही, वर बसून ओलावा धरतो, आणि ते काम ग्लिसरीनवालं साधं मॉइश्चरायझर पण करतं. डबी उलटी करून दाखवली. घटक जास्तीपासून कमीकडं छापतात, पहिलं पाणी, मग ग्लिसरीन, आणि कोलेजन पार तळाला सुगंधाच्या शेजारी. सुरकुत्यांवर खरंच तपासलेलं औषध म्हणाल तर ट्रेटिनॉइन, मूळ पिंपल्सचं, अमेरिकेत १९९५ ला बारीक सुरकुत्यांसाठी पण मंजूर झालं, आणि डबीच्या मानानं ते किरकोळ पैशात येतं. फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीवर, कारण कातडी सोलते, उन्हाला हळवी होते, गरोदर बाईनं तर लावायचंच नाही.

ताई एकदम खूश. "अहो ते तर मी लावतेच की!" पर्समधून ट्यूब काढली, शेपटापासून गुंडाळत आणलेली.

वाचली आणि पोटात गोळाच आला. ट्रेटिनॉइन होतं, पण सोबत डाग फिके करणारं हायड्रोक्विनोन २ टक्के आणि मोमेटासोन, म्हणजे स्टेरॉइड. काळ्या डागांवर डॉक्टर थोडे आठवडे देतात ती ट्यूब. ताई दीड वर्ष रोज लावत होत्या! पार्लरमधल्या बाईनं सांगितलेली, शंभराच्या आत मिळते, पहिल्या महिन्यात चेहरा असा उजळला की विचारू नका. त्यांना उजेडात घेतलं तर गालावर लाल बारीक शिरांचं जाळं, हनुवटीवर पुटकुळ्या, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. तव्यापुढं उभं राहिलं की आग आग होते म्हणाल्या, त्यांना वाटायचं वयामुळं असेल, पण हे सगळं त्या स्टेरॉइडचं काम होतं.

२०१८ ला अशा बऱ्याच स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये गेल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, तरी त्यांना मिळतच होती ना. आणि दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू, आधीच्या वर्षांत मी स्वतः असल्या ट्यूबा बिनचिठ्ठीच्या दिल्यात, किती जणींना ते आठवत पण नाही.

ताई म्हणाल्या आजच फेकते. म्हणलं तसंही करू नका, एकदम बंद केली की चेहरा दुप्पट पेटतो, कशी सोडवायची ते स्किनचे डॉक्टरच ठरवतील. सिव्हिलच्या ओपीडीत पाठवलं, फक्त बिनवासाचं मॉइश्चरायझर दिलं आणि उरलेल्या नोटांना परत रबर लावून दिला. त्या निघाल्या तेव्हा जरा नाराजच होत्या, मी स्वस्तातलं गळ्यात मारलं असं वाटलं असणार.

पुढचे तीनचार आठवडे बेकार गेले, दुकानावरनं जाताना तोंडाला स्कार्फ. मग एक दिवस चिठ्ठी घेऊन आल्या, तेच मॉइश्चरायझर, एसपीएफ ३० चं सनस्क्रीन आणि एक मलम, बिल सातशेच्या आत. ट्रेटिनॉइनचं नाव पण नव्हतं त्यात, एवढ्या पातळ कातडीला ते झेपणारच नाही.

साखरपुड्याचे फोटो परवा मोबाईलवर दाखवले. सुरकुत्या आहेत तिथंच आहेत, गाल अजून जरा लाल. हसत म्हणाल्या, "विहीणबाई विचारत होत्या, लाली कुठल्या कंपनीची लावलीय."