आमची वाटचाल : बंप इंटिग्रेटर ते लेझर

रस्ता किती खडबडीत आहे ते मोजायचं, हे आमचं काम. सुरुवात पुण्यात, जीपमागे ओढायच्या बंप इंटिग्रेटरने, म्हणजे चाकाचे हादरे मोजणाऱ्या एकचाकी गाड्याने. ताशी ३२ किलोमीटर, ना कमी ना जास्त. मागचे ट्रकवाले शिव्या घालायचे, पण ड्रायव्हरकाकांची नजर काट्यावरून हलायची नाही.

मग गाडीच्या मागच्या ॲक्सलवर ॲक्सेलरोमीटर (हादरे टिपणारा सेन्सर) लावला. स्वस्त, भराभर काम. फक्त तो रस्ता नाही, गाडीचे धक्के मोजतो. हे ठाऊक असूनही आम्ही माती खाल्ली. एका सरकारी कार्यालयाचं काम निम्मं झालं असताना काकांनी गळके शॉकअप बदलले, भल्यासाठीच. कॅलिब्रेशन, म्हणजे धक्क्यांवरून खडबडीतपणा काढायचं गणित, जुन्या शॉकअपवरचं. दुसऱ्या दिवसापासून सगळे रस्ते गुळगुळीत! साहेबांनी दोन दिवसांचे आलेख शेजारी ठेवून विचारलं, "रातोरात डांबर टाकलंत का?" चूक आमचीच, तिथल्या तिथे कबूल केली. फेरमोजणी फुकट करून देतो म्हटलं, तरी बिल अडकलं आणि काम निम्म्या दरात दुसऱ्याला गेलं. त्याने धक्के मोजायला डॅशबोर्डवर मोबाइल चिकटवला होता. शॉकअपचं त्याला कुणी विचारलं नाही.

पगार थकले. तेव्हा साताऱ्याकडच्या एका ठेकेदाराने, आम्ही त्यांना आबा म्हणतो, स्वतःच्या नव्या रस्त्याचे २०० मीटर आम्हाला दिले. "आकडा वाईट आला तरी चालेल, पण खरा आण." चार रात्री लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून दर २५ सेंटिमीटरला स्टाफ, म्हणजे आकड्यांची उभी पट्टी, धरला. एका चाकोरीची ८०१ रीडिंग. आबा स्वतः बॅटरी धरून उभे! मग गाडीचा आकडा त्याच्याशी जुळवायला त्या पट्ट्यावर गाडी इतक्यांदा फिरवली की वळायची जागा काकांना पाठ झाली.

आता लेझर आहे. तो रस्त्यापर्यंतचं अंतर मोजतो, ॲक्सेलरोमीटर गाडीची उडी त्यातून वजा करतो. शॉकअपची भीती गेली, टायरची राहिली. एन्कोडर चाकाचे फेरे मोजतो. टायर तापून हवेचा दाब वाढला की चाकाचा घेर बदलतो आणि खड्डा भलत्याच चेनेजला (रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतराला) जातो. नव्या पोरांना सांगतो, टेपने मोजलेल्या किलोमीटरवर रोज गाडी चालवून बघा, आणि ओल्या रस्त्यावर लेझर लावू नका. आणि साहेबलोकहो, नुसत्या आयआरआयवर (खडबडीतपणाच्या आकड्यावर) रस्ता पास करू नका. भेगा पडलेला रस्ताही गाडीत गुळगुळीत लागतो. पावसाआधी भेगा बुजवा.

अडकलेलं बिल अजून ताळेबंदात 'येणे' आहे. सीए दरवर्षी म्हणतो, बुडीत दाखवा. मी दाखवत नाही.