आमची वाटचाल: वजनकाटा आणि नोंदवही

कबड्डी, कुस्ती, धावणं आणि पोलीस भरती, यांसाठी तालुक्यातल्या कास्तकारांची मुलं-मुली आमच्याकडे सरावाला येतात. सुरुवात टिनाच्या शेडमध्ये झाली. वेल्डिंगवाल्याकडून 50 बाय 50 मिमी चौकोनी पाइपचा, 3 मिमी जाडीचा स्क्वॅट स्टँड करून घेतला; स्क्वॅट म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन मारलेली बैठक. सोबत 20 किलोचा एक बार आणि ओतीव लोखंडी प्लेट्स. प्लेट आली की पहिल्यांदा धान्याच्या काट्यावर चढते. 10 किलो छापलेली प्लेट 10 भरतेच असं नाही. खरं वजन रंगानं लिहायचं आणि सारख्या वजनाच्या जोड्या लावायच्या, नाहीतर बार एकीकडे झुकतो आणि वहीतला आकडाही खोटा पडतो.

त्या आकड्यावरच आमचं काम चालतं. नवख्याला एका दमात उचलता येईल तेवढं कमाल वजन आम्ही कधी उचलायला लावत नाही. 60 किलो 5 वेळा नीट उचललं, तर 60 × (1 + 5/30), म्हणजे कमाल 70 किलो धरतो. 10 रेप्सच्या, म्हणजे सलग 10 वेळा उचलण्याच्या, पुढे या सूत्रावर विसंबू नये. त्याच्या 80 टक्के, म्हणजे 56 किलोवर 5 रेप्सचे 3 सेट (फेऱ्या), मध्ये 3 मिनिटं विश्रांती, आठवड्यातून दोनदा. तिन्ही सेट पाठ न वाकता झाले तरच पुढच्या वेळी अडीच किलो वाढतात. मुलींच्या बेंच प्रेसला (बाकावर पाठीवर पडून बार वर ढकलणं) अडीच किलोची उडी मोठी होते, म्हणून अर्ध्या किलोच्या चकत्या कापून घेतल्या. हा खर्च सगळ्यात कामी आला.

अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे. डंड-बैठका या भागाला नव्यानं शिकवाव्या लागत नाहीत. त्या आम्ही वॉर्मअपला ठेवल्या. 200 बैठकांनी दम वाढतो, पण जास्तीत जास्त ताकद वाढवायची तर वजन वाढवावंच लागतं.

भरतीवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे रोज डांबरी रस्त्यावर जीव तोडून 1600 मीटर. काही आठवड्यांत नडगीची आतली कड दुखू लागते, कारण हाडाला सावरायला वेळच मिळत नाही. आम्ही मुरमाच्या मैदानावर आठवड्यातून एकदाच वेगाचं काम देतो: 1600 मीटर 5 मिनिटं 20 सेकंदांत हवं असेल, तर 80 सेकंदांचे 400 मीटरचे 4 फेरे, मध्ये 3 मिनिटं थांबून. बाकी दिवशी बोलता येईल इतकंच सावकाश पळायचं.

मांडीच्या मागचा स्नायू फाटू नये म्हणून नॉर्डिक हॅमस्ट्रिंग हा व्यायाम. गुडघ्याखाली बारदान्याची घडी, जोडीदारानं टाचा दाबून धरायच्या, अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा या व्यायामानं अशा दुखापती जवळपास निम्म्या झाल्याचं दिसलं. सुरुवात 5 रेप्सच्या 2 सेटनं, आठवड्यातून एकदा. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस मांड्या भरून येतात, म्हणून सामन्याच्या आठवड्यात तो कधीच सुरू करू नये.

आमच्या पद्धतीत सगळ्यात मोठा बदल झाला तो शेतीमुळे. सराव किती जड गेला ते खेळाडूनं 10 पैकी सांगायचं आणि मिनिटांनी गुणायचं: 60 मिनिटं, 7 गुण, भार 420. ही पद्धत जगभर वापरतात, पण ती सरावापुरतीच मोजली तर आमच्याकडे फसते. 16 लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन 3 तास, 6 गुण, म्हणजे 1080! सोयाबीन सोंगणीत तर दिवसभर कंबर वाकलेली. त्या दिवसांत उडी आणि स्प्रिंट मंदावले की पोरगं आळशी झालं असं समजू नका. आता वहीत शेतकामाचा वेगळा रकाना आहे. सोंगणीच्या आठवड्यात डेडलिफ्ट (वाकून जमिनीवरून बार उचलणं) बंद, स्क्वॅटचे सेट निम्मे.

मे महिन्यात सराव पहाटे साडेपाचला. आधी आणि नंतर वजन करायचं. 1 किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, मिठासकट. सुट्टीनंतर परतलेल्याला ऊन अंगवळणी पडायला वेळ लागतो, म्हणून पूर्ण सराव 10 ते 14 दिवसांनी. उन्हात कुणी बरळू लागला, तोल जाऊ लागला, तर गाडीची वाट पाहत बसू नका. जनावरांच्या पाण्याच्या हौदात मानेपर्यंत बसवा, डोकं धरून ठेवा, अंग थंड करा, दवाखाना त्यानंतर.