आमची वाटचाल : पहारीपासून पिशवीपर्यंत

आमचं मूळ काम लोहारकीचं. जुनी बांधकामं पाडणाऱ्या ठेकेदारांना पहारी, कटावण्या, छिन्न्या घडवून द्यायच्या, घणाला दांडे बसवायचे, वाकलेलं सरळ करायचं, बोथट झालेल्याला पुन्हा पाणी द्यायचं, म्हणजे तापवून विझवून कडक करायचं. आपत्कालीन साहित्याच्या धंद्यात पडायचं असं काही आम्ही ठरवलेलं नव्हतं. आमच्याच एका गिऱ्हाइकाने एका कारखान्याच्या सुरक्षा विभागाचं काम घेतलं आणि एक दिवस विचारत आला, "दार अडकलं तर उघडायला आणि माणूस अडकला तर काढायला काय काय ठेवावं लागेल?" त्याला सामान जमवून दिलं. मग त्याच्या ओळखीने दुसरा आला, दुसऱ्याच्या ओळखीने तिसरा.

सुरुवातीची गिऱ्हाइकं यादी घेऊनच यायची. ती बहुतेक अग्निशमन दलाची यादी पाहून केलेली असायची. मोठी कुऱ्हाड, घण, हॅलिगन बार (दार उचकटायचं अग्निशमन दलाचं अवजार), छत्तीस इंची बोल्ट कटर, दोन जॅक, दोरखंड. मागतील ते आम्ही द्यायचो. पेटी भरली की दोघांना उचलावी लागे. एका ठिकाणी माल पोचवायला गेलो तेव्हा तिथल्या रखवालदाराने पेटी एका बाजूने उचलून पाहिली, खाली ठेवली आणि म्हणाला, "शेठ, रात्रपाळीला मी एकटा असतो. हे जिना चढून वर कोण नेणार?"

यादी कशी करायची हे आम्ही तिथून शिकलो. आजही फोन आला की पहिला प्रश्न सामानाचा नसतो. हे वापरणार कोण, किती जण असतील, तुमच्याकडे दारं कशाची आहेत, ती आत उघडतात की बाहेर, एवढं आधी विचारतो. काही गिऱ्हाइकं वैतागतात. पण अवजार निवडायचं ते दार पाहून आणि हात पाहून. कॅटलॉग पाहून निवडलेलं सामान पुढे कपाटात पडून राहतं.

व्यावसायिक पथक पोचेपर्यंत जे तिथे हजर असतात, त्यांच्याच हातून बरीच सुटका होते. 17 जानेवारी 1995 ला जपानमध्ये कोबेला भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्याखालच्या बहुतेक माणसांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि घरच्यांनीच बाहेर काढलं होतं. लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने 1985 मध्ये सामान्य नागरिकांना सुटकेच्या कामाचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, तेही हेच ओळखून. सुटकेच्या सामानाची आमची पिशवी त्या शेजाऱ्यासाठी आहे. तो तगडा असेलच असं नाही, आणि घाबरलेला तर नक्कीच असेल.

म्हणून हॅलिगन बार आम्ही बनवतो, पण सरसकट देत नाही. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातल्या ह्यू हॅलिगन यांनी 1940 च्या दशकात घडवलेलं हे अवजार लाखात एक आहे. एका टोकाला दुबोटी फाळका, दुसऱ्या टोकाला आडवं पातं आणि अणकुचीदार टोक. पण त्याचा खरा उपयोग व्हायला एकाने ते धरायचं आणि दुसऱ्याने सपाट पाठीच्या कुऱ्हाडीने त्यावर ठोके घालायचे, असे सरावलेले दोघं लागतात. सराव नसेल तर घाव बारवर बसण्याऐवजी धरणाऱ्याच्या मनगटावर बसतो. प्रशिक्षित पथक असेल तर जरूर घ्या. एरवी साधी, 75 ते 90 सेंटीमीटरची चपटी कटावणी पुरते. नव्वदच्या कटावणीला टोकापासून पाच सेंटीमीटरवर टेकू मिळाला, तर तुमचा जोर सतरा पट होतो. तीस किलोचा भार दिला की टोकाला पाचशे किलोच्या वर. कुलपाच्या वीतभर वर किंवा खाली चौकटीच्या फटीत टोक बसवायचं, हळूहळू फट रुंदवायची, आणि मगच सगळं वजन टाकायचं. त्याआधी हँडल फिरवून बघायचं. हसू नका, दार उघडंच असतं असं पुष्कळदा होतं.

कटावणी घेताना काय बघायचं, हे मात्र आम्ही तासभर सांगू शकतो, कारण हे आमचं घरचं काम. ती एकाच सळईतून घडवलेली हवी. टोक वेगळं करून वेल्डिंगने जोडलेलं असेल तर ती जोडापाशीच दगा देते. ओतीव तर हातातही धरू नका. पाणी देताना नुसतं कडक करून भागत नाही, कारण नुसती कडक पट्टी काचेसारखी तुटते. कडक केल्यावर तिला पुन्हा तापवून थोडी उतरवावी लागते. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर तापताना रंग चढत जातात. 220 अंशांच्या आसपास फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि तीनशेच्या जवळ निळा. छिन्नीची धार आम्ही जांभळ्याच्या अलीकडे-पलीकडे थांबवतो, कटावणी निळ्यापर्यंत जाऊ देतो. मग तिच्यात लवचीकपणा येतो, वाकते आणि सरळही होते. दुकानात हे कळायचं तर कानस घेऊन जा. टोकावर कानस नुसतीच घसरली तर पट्टी फार कडक आहे, लोण्यासारखी कापत गेली तर फार मऊ.

बोल्ट कटरच्या बाबतीत पेटीवरचा आकडा वाचून फसू नये. किती मिलिमीटर कापतो तो आकडा मऊ पोलादासाठी वेगळा आणि कडक पोलादासाठी वेगळा असतो, आणि मोठ्या अक्षरात छापतात तो मऊचा. चांगल्या कुलपाची कडी कडक केलेली असते. तिच्यावर लहान कटर चालवला की कडीला ओरखडा पडतो आणि कटरच्या जबड्याला खाच. पुष्कळ वेळा कुलपाच्या नादाला न लागता कोयंडाच उपटावा. तो चार स्क्रूंवर टांगलेला असतो.

गाडीची काच फोडायच्या हातोडीबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही तिथेच आहेत. पुढची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. ती तडकते पण जागची हलत नाही. बाजूच्या काचा टेम्पर्ड, म्हणजे तापवून झटकन गार करून कडक केलेल्या असतील, तरच त्यांचा चुरा होतो. हल्ली बाजूलाही लॅमिनेटेड काच बसवायला लागलेत. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने 2019 मध्ये सहा अवजारं तपासली. टेम्पर्ड काच चारांनी फोडली, लॅमिनेटेड एकालाही फुटली नाही. हातोडीपेक्षा स्प्रिंगचा पंच, म्हणजे काचेवर टेकवून दाबला की आतल्या स्प्रिंगने टोक आपटणारं अवजार, सरस ठरला. त्याला हात मागे घेऊन झोडायला जागा लागत नाही, पाण्यात बुडालेल्या गाडीत तर हे फार मोलाचं. त्यामुळे आम्ही पंच आणि सीटचा पट्टा कापायचं झाकलेलं पातं एकत्र देतो, आणि गिऱ्हाइकाला काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचायला लावतो. तिथे बहुधा काचेचा प्रकार लिहिलेला असतो. पंच कोपऱ्याजवळ मारायचा, मधोमध नाही.

उचलण्याचं सामान आम्ही देतो, पण सांगून-सवरून. जॅकबरोबर लाकडाचे ठोकळे आणि पाचरी घेतल्या नाहीत तर आम्ही जॅक विकत नाही. बोटभर उचलायचं, लगेच तेवढा ठोकळा सरकवायचा, मगच पुढचं बोट. जॅकच्या भरवशावर कोणी हात आत घालू नये. दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. मांडी किंवा पाय बराच वेळ दबून राहिला असेल, तर ओझं उचलल्यावर चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम आणि इतर द्रव्यं एकदम रक्तात येतात. हृदय बंद पडू शकतं, मूत्रपिंडं निकामी होतात. लंडनवरच्या बाँबहल्ल्यातल्या जखमींवरून एरिक बायवॉटर्स यांनी 1941 मध्ये हे मांडलं. अशा वेळी डॉक्टर किंवा वैद्यकीय पथकाशी बोलल्याशिवाय ओझं हलवू नये. हे आम्ही जॅकला बांधलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर कोरून देतो. कागद हरवतो.

हातमोजे, गॉगल, धुळीचा मास्क, हेल्मेट यावर कोणी घासाघीस केली की आम्ही कटावणी लहान देतो, पण हे काढत नाही. गॅसचा वास असेल तिथे ठिणगी न उडवणारे ब्राँझचे पाने लागतात. ते पोलादापेक्षा मऊ, त्यांनी दार उचकटायला जाऊ नये. शिट्टी आणि डोक्याला बांधायची विजेरी प्रत्येक पिशवीत असते, सेल विजेरीच्या बाहेर ठेवून.

"तुम्ही चोरांची हत्यारं विकता का?" हेही ऐकून झालंय. आम्ही कटावणीवर क्रमांक ठोकतो, विकत घेणाऱ्याची नोंद ठेवतो आणि सुटं अवजार अनोळखी माणसाला देत नाही. धंदा थोडा कमी होतो, झोप लागते.

अलीकडे विक्रीपेक्षा वार्षिक तपासणीचं काम वाढलंय. गंज पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा, कटरच्या जबड्यातली फट बसवायची, सेल बदलायचे. पण निम्मा वेळ जातो पिशवी कुठे ठेवलीय ते शोधण्यात. चोरीला जाऊ नये म्हणून ती कुलूपबंद खोलीत ठेवतात, किल्ली व्यवस्थापकाच्या खिशात आणि व्यवस्थापक सुट्टीवर. कुलूप कापायचा कटर कुलपाआड. त्यामुळे आता पिशवीबरोबर भिंतीवरची काचेची पेटीही आम्हीच बसवून देतो, आणि बसवायला जाणारा पोरगा परत येण्याआधी रात्रपाळीच्या माणसाकडून ती एकदा उघडून घेतो.