व्यंगनकाशे, नोंद तिसरी : आधी किनारा, मग माणूस

ऑक्टोपस पूर्ण झाला! देशांना प्राणी किंवा माणसं बनवून टोमणा मारणारे नकाशे म्हणजे व्यंगनकाशे. त्यातला ब्रिटिश चित्रकार फ्रेड रोझ यांचा १८७७ सालचा युरोपचा नकाशा मी ट्रेसिंग पेपरवर उतरवत होतो. त्यात रशिया म्हणजे एक ऑक्टोपस. पोलंड, तुर्कस्तान, इराणपर्यंत पोचलेले रशियाचे ते हात काढण्यात तीन रविवार गेले. निब फिरवताना जाणवलं, की या प्राण्याला सरहद्दीचं बंधन फारसं नाही, हात हवा तिकडे वळतो. १९०४ मध्ये रशिया-जपान युद्धाच्या वेळी जपानच्या किसाबुरो ओहारा यांनी तोच ऑक्टोपस थेट आशियापर्यंत ताणला. चित्र जबरदस्त आहे, पण हा प्राणी कुठल्याही देशाला चिकटवता येतो, आणि मला तीच त्याची उणीव वाटते.

म्हणून आता फ्रेंच चित्रकार पॉल हादोल यांचा १८७० चा नकाशा घेतलाय, फ्रान्स आणि प्रशिया (तेव्हाचं बलाढ्य जर्मन राज्य) यांच्या युद्धाच्या वर्षातला. इथे प्रत्येक देश म्हणजे एक माणूस, आणि त्याचं अंग त्याच्याच सीमेत बसवलेलं. प्रशियाचा गुडघा ऑस्ट्रियावर, हात हॉलंडवर. इंग्लंड म्हणजे आयर्लंडची दोरी हातात धरलेली म्हातारी. माझे पहिले दोन कागद वाया गेले, कारण मी आधी माणूस काढला आणि मग किनारा त्याच्याभोवती वाकवला. युरोप ओळखू येईना. आता किनारपट्टी आधी पक्क्या शाईत काढतो आणि तिच्यात नाक, हनुवटी, कोपर शोधत बसतो. वेळ लागतो, पण सापडलं की रेघ हलवावी लागत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी १८१२ चा ‘गेरीमँडर’ हा व्यंगनकाशा जरूर काढून पाहावा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका पक्षाच्या सोयीसाठी मतदारसंघ वेडेवाकडे आखले गेले, गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी त्यावर सही केली, आणि बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने एसेक्स परगण्यातला असा एक मतदारसंघ पंख-नखांसह छापला. गेरी आणि सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा प्राणी) मिळून ते नाव झालं. मी पंख, नखं, जबडा पेन्सिलीने वेगळे काढले आणि मग खोडून टाकले. उरलेली रेघ तरीही सरपटणाऱ्या जनावरासारखीच दिसत होती! अंग कायद्यानेच आखून दिलं होतं. या प्रकारातलं मला सगळ्यात आवडलेलं काम हेच.

हादोलमध्ये आता स्पेनची बाई बाकी आहे. ती पोर्तुगालला टेकून धूर सोडतेय, म्हणजे पाठीचा सगळा भार त्या एका सरहद्दीवर. ती रेघ अजून मनासारखी आलेली नाही.