आजीच्या खोलीपर्यंत वायफाय नेलं त्याचा अनुभव

आमचं घर बडोद्यात दांडिया बाजारला, पणजोबांच्या वेळचा वाडा, भिंती दीड फूट जाड. राउटर पुढच्या खोलीत आणि आजी चौकापलीकडे पार मागे. आत्याचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला की टॅबवर चित्र अडकायचं, मग आजी शाल गुंडाळून चौकात येऊन बसायची, ते मला बघवत नव्हतं.

आधी फुकटातले उपाय केले. राउटर लोखंडी कपाटामागे होता तो काढून चौकाकडच्या दारावर उंच लावला, आणि टॅब वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरून २.४ वर आणला कारण ५ वाला जाड भिंतीत लवकर मरतो. सिग्नल मोजायच्या अ‍ॅपवर आजीच्या खोलीत उणे ८४ डीबीएमचा उणे ७६ झाला (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). तरी कॉल तुटायचाच. मग लक्षात आलं की राउटरचं टॅबला ऐकू येतं पण टॅबचा रेडिओ बारका, त्याचं बोलणं राउटरपर्यंत पोचत नाही, म्हणजे नुसती राउटरची पॉवर वाढवून काही होणार नव्हतं.

मित्राचा रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) आणला आणि लावला थेट आजीच्या खोलीत, इथेच चुकलो. दांड्या फुल, स्पीड नाही, कारण त्याला स्वतःलाच तिथे नीट ऐकू येत नव्हतं. मधे जिन्यापाशी लावल्यावर चालला, पण स्पीड जवळपास अर्धा, एकाच चॅनलवर ऐकायचं आणि पुढे पाठवायचं म्हटल्यावर तसंच होणार.

शेवटी घरात पडलेला जुना राउटर काढून आजीकडे मागे लावला. २५ मीटर कॅट ६ म्हणजे नेटवर्कची केबल आणली (१०० मीटरपर्यंत चालते), चौकाच्या कडेने नेली, दोन्हीकडे लॅन पोर्टमध्येच लावली. जुन्याचं डीएचसीपी (फोनांना आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता वाटणारी सोय) बंद, त्याचा स्वतःचा आयपी बदलून १९२.१६८.१.२, नाव-पासवर्ड पुढच्यासारखाच, फक्त चॅनल वेगळा, पुढे १ आणि मागे ११. डीएचसीपी आधी चालूच राहिलं होतं तेव्हा घरातले निम्मे फोन नेट नाही म्हणत होते, त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली, हे विसरू नका.

आता आजीच्या पलंगावर उणे ५० येतो. टॅब पुढून मागे नेला तर कधीकधी पुढच्या राउटरलाच चिकटून राहतो, वायफाय बंद-चालू केलं की बरोबर पकडतो, आजीला ते शिकवलंय. काल आत्याशी पाऊण तास बोलली, पलंगावरूनच. केबल मात्र चौकात उघडी आहे, पावसाआधी पाइपात घालायचीये, इलेक्ट्रिशियनभाई रविवारी येतो म्हणालेत.