आंब्याचा ओंडका : तिसरा पावसाळा

परसातल्या रायवळ आंब्याची मोडलेली फांदी मी मुद्दाम पडू दिली, त्याला आता तिसरा पावसाळा. मांडीएवढी जाड. एक टोक उन्हात, दुसरं फणसाच्या सावलीत. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "बंबात घालू का गं?" आतापर्यंत मी त्यावर उगवणाऱ्या बुरश्यांच्या नुसत्या जाती मोजत होते; यंदा कोण कुणानंतर येतं, तेवढंच बघतेय.

पहिल्या वर्षी उन्हातल्या सालीवर आलं ते शिझोफायलम कम्यून, नखाएवढे केसाळ, करडे-पांढरे पंखे. मे महिन्यात ते सुकून चामड्यासारखे वळले होते. जूनची पहिली सर पडली आणि त्याच संध्याकाळी उलगडले. दहापट भिंगातून खालची बाजू बघा: एकेक पडदा मधोमध चिरलेला. कोरड पडली की चिरेचे दोन्ही काठ बाहेर वळून बीजाणूंचा थर झाकतात, ओल लागली की सरळ होतात. भिंग डोळ्याला लावून मी अर्धा तास तिथेच उकिडवी बसले होते.

दुसऱ्या वर्षी त्याच टोकाला शेंदरी पिक्नोपोरस सँग्विनियस. यंदा तो उन्हाने फिका पडलाय, नवा एकही नाही. सावलीकडे मात्र कानाच्या पाळीसारखं लिबलिबीत ऑरिक्युलेरिया आणि साल सुटली तिथे झायलेरियाची काळी बोटं, टोकाला पांढरी भुकटी.

एक दुरुस्ती. मागच्या नोंदीत याच ओंडक्यावरच्या एका बुरशीला मायक्रोपोरस लिहिलं होतं, ते हेक्सागोनिया टेनुइस आहे. त्याची षटकोनी छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसतात. मायक्रोपोरसची भिंगाशिवाय दिसत नाहीत.

परवा करवतीने एक चकती कापली. आत पेनाने नकाशा काढावा तशा बारीक काळ्या रेघा! दोन बुरश्या समोरासमोर आल्या की आपापल्या हद्दीला असं काळं कुंपण घालतात. बाहेरून मी पाच जाती मोजल्या होत्या, चकतीत अकरा तुकडे निघाले. एकाच जातीचे दोन वेगळे जीवही एकमेकांना आत घेत नाहीत, म्हणून अकरा तुकडे म्हणजे अकरा जाती नव्हेत. पण बाहेर फळं, म्हणजे हे पंखे, कान, बोटं, धरली नाहीत असे किती जण आत राहत असतील! रेघांमधलं लाकूड फिकट, तंतुमय. नख सहज रुततं. ही पांढरी कूज, म्हणजे लाकडाच्या धाग्यांतल्या सेल्युलोजबरोबर त्यांना घट्ट बांधणारं लिग्निनही पचवलेलं. गोठ्याच्या जुन्या फळीवर पिवळं डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथ्युलारिया उगवलंय, तिथे उलटं: तपकिरी, चौकोनी भेगांचं लाकूड, बोटात चुरडलं की भुगा. सेल्युलोज गेलं, लिग्निन बहुतेक मागे राहिलं.

चकती सासूबाईंना दाखवली. त्यांनी ती बराच वेळ हातात फिरवली. मग वर फणसाच्या खोडाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो बघ फणसोंबा. पोरांची तोंडं आली की आम्ही उगाळून लावायचो." खुरासारखा, टणक फेलिनस, हीही बुरशीच, पण जिवंत झाडावर. तीन वर्षं त्याच्याच सावलीत बसून मी खाली बघत होते. उद्या शिडी लावून त्याचं माप घेते.