न मागितलेला क्लेम: ‘डबल इन्डेम्निटी’तला कट नेमका कुठे फसतो

नवऱ्याचा पाय मोडलाय. त्याच्या नावावर ५० हजार डॉलरची अपघात पॉलिसी आहे. तरीही तो विमा कंपनीकडे एका पैचाही क्लेम करत नाही. का?

बिली वाइल्डरच्या १९४४ सालच्या ‘डबल इन्डेम्निटी’त हा प्रश्न क्लेम विभागाचा प्रमुख बार्टन कीज याला पडतो, आणि त्याचं उत्तर एकच असू शकतं: आपल्या नावावर अशी पॉलिसी आहे हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. विवाहबाह्य संबंधातून झालेल्या खुनावरचे कितीतरी नॉयर (गुन्हा आणि मोहाच्या काळोख्या गोष्टी सांगणारे) चित्रपट आहेत, पण हा मला त्या सगळ्यांत वरचा वाटतो तो याच कारणासाठी. इथे गुन्हा उघडकीला येतो तो बोटांच्या ठशांनी नाही, साक्षीदाराने पाहिलं म्हणूनही नाही. बायकोने नवऱ्यापासून एक गोष्ट लपवली, ते लपवणंच पुरावा होऊन बसतं.

पुढे शेवटासकट सगळी गोष्ट येणार आहे. पण चित्रपट स्वतःच पहिल्या काही मिनिटांत सगळं सांगून टाकतो. वॉल्टर नेफ हा विमा एजंट खांद्यात गोळी घेऊन रात्री ऑफिसात येतो, डिक्टाफोनसमोर (आवाज मुद्रित करणाऱ्या यंत्रासमोर) बसतो आणि कबुली देतो: मी मारलं, पैशासाठी आणि एका बाईसाठी, पैसाही मिळाला नाही, बाईही नाही. तारीख १६ जुलै १९३८. कोणी मारलं हा प्रश्न तिथेच संपतो. पाहायचं असतं ते एवढंच, की गणित कुठे चुकलं.

त्यासाठी आधी पॉलिसीतलं कलम समजून घ्यायला हवं. काही विशिष्ट, क्वचित घडणाऱ्या अपघातांत मृत्यू आला तर कंपनी दुप्पट रक्कम देते, हीच ‘डबल इन्डेम्निटी’. रेल्वेतला अपघात त्यातलाच. म्हणजे ५० हजारांचे एक लाख. फिलिस डीट्रिकसनला नवरा नकोसा झालाय, नेफला फिलिस हवी आहे. पण दुपटीचा हव्यास नेफचा, आणि पुढचं सगळं त्या हव्यासातून एकेक करून येतं. दुप्पट हवी तर रेल्वे हवी. रेल्वे हवी तर नवरा गाडीत चढलेला लोकांना दिसायला हवा. तो तर आधीच मेलेला असणार, म्हणून त्याच्या जागी नेफने चढायचं. नवऱ्याची सही मोटारीच्या विम्याच्या कागदांबरोबर फसवून घेतली जाते. एकच फॉर्म दोन प्रतींत आहे असं त्याला वाटतं. सही करताना सावत्र मुलगी लोला खोलीत असते, म्हणजे साक्षीदारही मिळाला.

मग कामावर नवऱ्याचा पाय मोडतो. आधी वाटतं, बेत बारगळला. पण कुबड्यांवरचा माणूस लांबून ओळखणं सोपं आणि जवळून निरखणं अवघड. लोक पायाकडे पाहतात, चेहऱ्याकडे नाही. नेफला हे वरदान वाटतं. ज्या मोडक्या पायाने वेषांतर सोपं केलं, त्यानेच न मागितलेल्या क्लेमचा प्रश्न जन्माला घातला. पटकथेतली ही गाठ फार सुरेख बसली आहे. वाइल्डर आणि रेमंड चँडलर यांचं लिहिताना एकमेकांशी पटत नव्हतं, पण कागदावर सांधा कुठे दिसत नाही.

खुनाच्या रात्रीची तयारी लक्ष देऊन बघा. नेफ गॅरेजमधल्या माणसाला गाडी धुवायला सांगतो, म्हणजे तो घरीच होता असं तो माणूस सांगेल. फोनच्या घंटीत आणि दाराच्या बेलमध्ये तो छोटी कार्डं अडकवतो. आपण नसताना घंटी वाजली तर कार्ड पडलेलं असेल, म्हणजे कोणी येऊन गेलं हे कळेल. नवऱ्यासारखाच सूट, पायाला बँडेज. मग फिलिसच्या गाडीत मागच्या सीटच्या खाली दबून बसायचं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला निघालेला नवरा पुढे बसलाय. ती गाडी अंधाऱ्या रस्त्याला वळवते आणि तीनदा हॉर्न वाजवते.

खून दिसत नाही. कॅमेरा फिलिस झालेल्या बार्बरा स्टॅनविकच्या चेहऱ्यावर थांबतो. शेजारी नवऱ्याचा जीव जातोय आणि ती समोर रस्त्याकडे पाहते आहे. चेहऱ्यावर भीती नाही, रागही नाही. हवी ती वस्तू हातात येत असल्याचं एक बारीकसं समाधान आहे. हा क्लोजअप काही सेकंदांचा. त्या काळच्या हेज कोडने (हॉलिवूडच्या सेन्सॉर नियमावलीने) हिंसा आणि व्यभिचार उघड दाखवायला मनाई केली होती, जेम्स एम. केनच्या मूळ गोष्टीवर सिनेमा करायचा बेत १९३५ मध्ये त्याच कारणाने अडला होता. वाइल्डरने त्या बंधनाचा उपयोग करून घेतला. शरीरसंबंधांचंही तेच. नेफच्या फ्लॅटवर दोघं मिठीत असतात, चित्र डिक्टाफोनवर बोलणाऱ्या जखमी नेफवर जातं, आणि परत येतं तेव्हा तो सोफ्यावर रेलून सिगरेट ओढतोय, ती ओठ नीट करतेय. मधलं सगळं कळतं. आणि जे कळतं ते मरायला टेकलेल्या माणसाच्या आवाजाला चिकटून येतं. मोह आणि त्याची किंमत शेजारी ठेवायला याहून नेमका दृश्यबदल शोधून सापडणार नाही.

नेफ कुबड्या घेऊन रेल्वेगाडीच्या मागच्या उघड्या सज्जात जातो. तिथे जॅक्सन नावाचा प्रवासी नेमका बसलेला. सिगार विसरलो म्हणून नेफ त्याला आत पाठवतो, उडी मारतो, आणि दोघं प्रेत व कुबड्या रुळावर टाकतात. मग मोटार सुरूच होत नाही. स्टार्टर घरघरतो आणि मरतो. दोघं एकमेकांकडे पाहतात, नेफ सावकाश हात पुढे करून किल्ली फिरवतो. आपल्यालाही वाटतं, लाग बाई, सुरू हो. दोन खुनी निसटावेत म्हणून आपण श्वास रोखून बसलोय, हे त्याच क्षणी जाणवतं.

कंपनीचा अध्यक्ष म्हणतो, आत्महत्या आहे, पैसे द्यायचे नाहीत. कीज त्याला आत्महत्यांचे तक्ते तोंडपाठ सुनावतो: विषाने किती, उडी मारून किती, त्यातही कशावरून. ताशी १५ मैलांनी चाललेल्या गाडीच्या मागच्या टोकावरून उडी मारून जीव देणारा एकही नाही. कीज झालेला एडवर्ड जी. रॉबिन्सन हे भाषण एका दमात म्हणतो. नेफ बाजूला बसून सुटकेचा श्वास सोडतो, पण ज्या तर्काने आत्महत्या निकालात निघते तोच तर्क पुढे अपघातही निकालात काढणार असतो. मग क्लेमचा प्रश्न येतो, मग तो माणूस गाडीत चढलाच नव्हता हे येतं, आणि जॅक्सन फोटो बघून सांगतो की सज्जात भेटलेला माणूस याच्यापेक्षा तरुण होता. हे तो सांगतो तेव्हा नेफ त्याच खोलीत असतो.

कट ठरल्यावर या दोघांना एकमेकांजवळ जाता येत नाही, आणि मला तरी त्यांची खरी शिक्षा हीच वाटते. ज्याच्यासाठी सगळं केलं तेच बंद. भेटायचं ते किराणा मालाच्या मोठ्या दुकानात, डब्यांच्या रांगांमध्ये, रॅककडे तोंड करून. मध्येच एक बाई वरच्या फळीवरची वस्तू काढून मागते, नेफ ती काढून देतो, आणि बोलणं पुन्हा खुनावर येतं. दुसऱ्या भेटीत फिलिसने काळा चष्मा घातलेला आहे. तिचे डोळेच आता त्याला दिसत नाहीत. कीज म्हणतो तेही हेच: दोघांनी मिळून खून केला की दोघं एकाच ट्रॅममध्ये बसतात, मध्ये उतरता येत नाही आणि शेवटचा थांबा स्मशान.

छायालेखक जॉन सीत्झचा प्रकाश वेगळा बघण्यासारखा आहे. डीट्रिकसनच्या घरात खिडक्यांच्या आडव्या पट्ट्यांतून ऊन येतं, नेफच्या अंगावर गजांसारख्या सावल्या पडतात. हवेतली धूळ कॅमेऱ्याला दिसावी म्हणून सीत्झने ॲल्युमिनियमचे बारीक कण उडवले होते. त्यामुळे ते श्रीमंत घर बऱ्याच दिवसांत झाडलं नसल्यासारखं दिसतं. नेफच्या फ्लॅटचं दार मात्र चुकीचं आहे: ते बाहेर, कॉरिडॉरमध्ये उघडतं, आणि अशी दारं सहसा आत उघडतात. पण कीज बाहेर पडताना फिलिसला दाराआड लपता यावं म्हणून ते तसं हवंच होतं. तो प्रसंग इतका ताणलेला आहे की चूक पहिल्यांदा लक्षात येत नाही.

मूळ घटना खरी आहे. १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रूथ स्नायडर आणि तिचा प्रियकर जड ग्रे यांनी तिच्या नवऱ्याला मारलं. त्याला न कळवता काढलेल्या विम्यात दुप्पट रकमेचं कलम होतं. जानेवारी १९२८ मध्ये दोघांना सिंगसिंग तुरुंगात विजेच्या खुर्चीवर बसवण्यात आलं. रूथचा त्या खुर्चीतला फोटो एका छायाचित्रकाराने घोट्याला बांधलेल्या छुप्या कॅमेऱ्याने काढला आणि तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापून आला.

वाइल्डरनेही नेफसाठी तसाच शेवट चित्रित केला होता: गॅस चेंबर, आणि काचेपलीकडून पाहणारा कीज. मग तो पूर्ण प्रसंग त्याने काढून टाकला. का काढला ते काड्यापेटीच्या काड्यांवर लक्ष ठेवलं की समजतं. कीजकडे सिगार असतो, काडी कधीच नसते. दर वेळी नेफ अंगठ्याच्या नखाने काडी ओढून त्याला पेटवून देतो. शेवटी नेफ ऑफिसच्या दारात कोसळलेला आहे, तोंडात सिगरेट आहे, काडी पेटवायला हातात ताकद नाही. कीज शेजारी गुडघ्यावर बसतो आणि नखाने काडी ओढतो.